भोगीची भाजी आणि नऊ पिशव्या माती

कुंभारी,
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सुकन्याला रंभाआत्याचे आशीर्वाद.

फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. फोन कानाला लावला की कानातलं मशीन शिट्टी मारतं. मग तू काय बोलतेस ते मला सोडून शेजारच्या तीन घरांना कळतं. म्हणून पत्र. सातवीपर्यंत शिकले त्याचा कधीतरी उपयोग व्हायला हवा.

कारण असं. गावाबाहेरच्या जुन्या रंगखान्यात मी अकरा वर्षं टॉवेलांचं सूत रंगवलं, हे तुला माहीत आहेच. तो बंद पडून वीस वर्षं झाली. पत्रे लोकांनी नेले, भिंती पावसाने नेल्या, आता नुसती चिमणी उभी आहे. ती जागा आमच्या महिला गटाला भाजीपाल्यासाठी मिळायची आहे. आम्ही चौदा जणी आणि अध्यक्ष मी. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं पद आहे, त्यामुळे हसायचं नाही.

अंगणवाडीच्या रेश्माताईंशी बोलणं झालंय. भोगीच्या दिवशी चाळीस पोरांना आमच्या रानातली भाजी, आणि तिथून पुढे रोजची. शहरातल्या कचऱ्याचं खत करतात, ते दोन ट्रॉल्या फुकट आलंय. सगळं जमलं, पण आपले सरपंच आबासाहेब अडून बसलेत. म्हणाले, "रंगखान्याची जागा हाय ती. मातीचा कागद आणा, मग बघू. न्हाय आला तर तितं लग्नाचं मैदान करतो."

तू टेंभुर्णीत मातीच्याच प्रयोगशाळेत आहेस. तेव्हा 'माती चांगली आहे' असा एक कागद पाठवून दे. सही जरा झोकात कर.

तुझी,
रंभाआत्या


टेंभुर्णी,
३० ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास, सुकन्याचा नमस्कार.

अध्यक्ष झालीस याचा आनंद इतका झाला की पत्र दिग्विजय सरांना वाचून दाखवलं. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. 'सही झोकात कर' इथे ते हसले, आणि मग म्हणाले, माती न बघता सही केलीस तर तुला झोकात घरी पाठवीन.

आत्या, कागद असा मिळत नाही गं. रंगखान्याच्या जागेत तीन गोष्टी शोधाव्या लागतात. विष, वाट आणि पोट. जमिनीत विष आहे का, ते वर यायला वाट आहे का, आणि ते शेवटी कुणाच्या पोटात जाणार. तिन्ही असली तर धोका. एक जरी तोडता आलं तर निभावतं. तुमच्याकडे पोट तर ठरलेलंच आहे, चाळीस पोरांचं, आणि तेही पाच वर्षांच्या आतलं. शिसं मोठ्यांपेक्षा लहानांना फार बाधतं.

खत फुकट आलं म्हणून तेही डोळे मिटून घेऊ नकोस. शहराच्या कचऱ्यात काचा, सेल, काय वाटेल ते असतं. शिवाय खत जमिनीतल्या काही धातूंना धरून ठेवतं आणि काहींना उलट मोकळं करतं. चांगल्या रानात जे सोनं, ते अशा जागी तपासूनच घालायचं.

आता काम सांगते. सोबतच्या चित्रात नऊ ठिकाणं आहेत. प्रत्येक ठिकाणची वीतभर खोल माती वेगळ्या पिशवीत भर, वर आकडा टाक. खताची एक पिशवी. आणि रंगखान्यात काय कुठे होतं ते लिही. हौद कुठे, रंगाचे डबे कुठे, सांडपाणी कुठे जायचं. तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

कागद येईपर्यंत तिथलं काही खायचं नाही.

तुझी,
सुकन्या


कुंभारी,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सुकन्याला आशीर्वाद.

एसटीच्या पार्सलाने दहा पिशव्या पाठवल्यात. नऊ मातीच्या, एक खताची. माझ्या माहेरच्या शिकलेल्या पोरीच्या हापिसात जायच्या म्हणून तीन दिवस राबून नीट केल्यात. पिशव्याही नव्या शिवल्या. दिग्विजय सरांना म्हणावं, कुंभारीच्या बायकांचं काम बघा.

काय कुठे होतं ते विचारलंस. हौद दाराजवळ होते, पाणी ओढ्याला जायचं. चिमणीकडे काहीच नव्हतं, गवत होतं. बाकी इतक्या वर्षांनी काय आठवणार, मला सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.

तुझं विष-वाट-पोट मी गटात वाचून दाखवलं. तानाबाई म्हणाली, "एवढी लई शिकलेली भाची हाय की तुमची, मग तिला माती बघून कळत न्हाय व्हय?" मी म्हटलं, डॉक्टरसुद्धा रक्त काढतोच.  पण तुला म्हणून सांगते, मलाही तेच वाटतं.

आमचं वाफे करणं चालू आहे. नुसते वाफे.

रंभाआत्या


टेंभुर्णी,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास नमस्कार.

पिशव्या पोचल्या. फार सुंदर आहेत. चार नंबरच्या पिशवीची तर आमच्याकडच्या दाक्षायणीने टिफिनला पिशवी केली.

माती मात्र आमच्या प्रयोगशाळेत आजवर आली नाही अशी आहे. रंगखान्याची माती, आणि तिच्यात एक खडा नाही, विटेचा तुकडा नाही, सुताचा धागा नाही. सगळी मैद्यासारखी. आणि ते खत. सरांनी हातावर घेऊन बघितलं, मग मला म्हणाले, "सुकन्या, हे शहरातल्या कचऱ्याचं आहे की देवळातल्या अंगाऱ्याचं?" मी खताची पिशवी बांधून टाकली. माझी आत्या आहे हे त्यांना माहीत आहे.

तपासणीत सगळं उत्तम आलंय. इतकं उत्तम की मला त्यावर सही करवत नाही.

खरं सांग, काय केलंस?

सुकन्या


कुंभारी,
४ डिसेंबर २०२४

चि. सुकन्याला आशीर्वाद.

काय केलंस म्हणजे? तेच केलं जे कुठलीही शहाणी बाई करेल. निवडली, चाळली आणि तीन उन्हं दिली. तुझ्या वडिलांना, मंगळवेढ्याच्या आमच्या बिभीषणला, ज्वारी द्यायची असती तर खडे ठेवून दिली असती का मी? माणसाच्या दारात वस्तू पाठवायची ती साफ करूनच, हे तुझ्या आजीने मला शिकवलं आणि मी तुला शिकवणार होते, तर तू टेंभुर्णीला गेलीस.

पण तुझ्या सरांनी अंगारा म्हटलं ते मनाला लागलं. म्हणून या वेळी सगळं न चाळता पाठवते आहे. नऊ पिशव्या माती, एक पिशवी खत. पिशव्या जुन्याच आहेत, दाक्षायणीला सांग. आणि मागच्या वेळी खतातून जे निवडून काढलं होतं तेही वेगळं बांधून ठेवलं होतं, ते पाठवते. काचा, तीन घड्याळाचे सेल, बल्बचं बूड, औषधाच्या पुड्यांची चांदी, आणि बाहुलीचा एक डोळा. गटातली दानम्मा तो डोळा बघून एवढी दचकली की हातातलं सूप पडलं.

एवढं निघालं तेव्हा मलाही जरा वाटलं की तुझं म्हणणं अगदीच वाया नाही. जरा.

रंभाआत्या


टेंभुर्णी,
१८ डिसेंबर २०२४

ती. आत्यास नमस्कार.

आता माती मातीसारखी आली. एक ते सात ठिकाणची माती बरी आहे. शिसं थोडं आहे, पण त्यावर उपाय आहेत. खत चाळून घ्यावं लागेल आणि प्रत्येक ट्रॉली तपासावी लागेल. क्षार जास्त आहेत, आपल्याकडच्या कमी पावसात ते वर साठतात, म्हणून बेताने घालायचं.

आठ आणि नऊ नंबरचं मात्र मला कळत नाही. ही दोन ठिकाणं चिमणीजवळची. पहिल्या सहा पिशव्या सहा तऱ्हेच्या, आणि सात, आठ, नऊ या सख्ख्या बहिणी. रंग तोच, आकडे तेच. सात नंबरच्या जागेपासून चिमणीपर्यंत चालायला जवळजवळ शंभर पावलं आहेत ना? मग तिथली माती आणि अलीकडची माती इतकी एक कशी?

कागदावरून मला ते सुटणार नाही असं दिसतं. म्हणून मी भोगीला स्वतः येते. त्या दिवशी मला सुट्टी आहे. आधी चिमणीजवळची माती मी काढीन, मग अंगणवाडीत पोरांच्या पंगतीत बसून तुझ्या हातची भोगीची भाजी खाईन. गाजर, वांगं, ओला हरभरा, पावटा, वर तिळाची बाजरीची भाकरी. लहानपणी तू करायचीस तशी. फक्त भाजी त्या दिवसापुरती बाजारातली घे, कागद अजून झालेला नाही.

तुझी,
सुकन्या


कुंभारी,
२६ डिसेंबर २०२४

चि. सुकन्याला आशीर्वाद.

तू येतेस हे वाचून घर सारवायला घेतलं, म्हणजे फरशी आहे, पण पुसून घेतली. रुपाली म्हणते, आत्याबाई, अजून तीन आठवडे आहेत. सुनांना काही कळत नाही.

बाजारातली भाजी घे म्हणतेस, पण आता लपवून काय उपयोग. ऑक्टोबरातच पेरणी केली होती. वाफे नुसते नव्हते. हरभरा गुडघ्याला लागला आहे, गाजरं धरली आहेत, आणि भोगीला पोरांना तीच भाजी द्यायचा शब्द मी चारचौघींत दिला आहे. आबासाहेबसुद्धा येऊन बघून गेले, म्हणाले, "रान लई झ्याक केलंय की." आता माघार घेतली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सात ठिकाणची माती बरी आहे असं तूच लिहिलंस. मग दोन ठिकाणांचं एवढं काय घेऊन बसलीस?

तुझ्या ताटाची काळजी करू नकोस. तुझ्यापुरती भाजी मी सोलापूरच्या बाजारातून वेगळी आणीन आणि वेगळ्या पातेल्यात करीन. तू ऑफिसातली माणूस, पोट नाजूक असतं.

चिमणीकडे खोदायला तुझ्या नाजूक हातांनी जाऊ नकोस. तिथे साप आहेत.

रंभाआत्या


टेंभुर्णी,
१ जानेवारी २०२५

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं.

माझं पोट नाजूक कधीपासून झालं? सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तूच मला एका बैठकीत पाच प्लेट भेळ खाऊ घातली होतीस आणि नंतर वडिलांशी भांडली होतीस की पोरगी अशक्त आहे.

आत्या, एकच विचारते. चाळीस पोरांना एक पातेलं आणि भाचीला दुसरं, हे का?

मी रागावलेली नाही. पण याचं उत्तर आल्याशिवाय मला झोप यायची नाही.

सुकन्या


कुंभारी,
५ जानेवारी २०२५

सुकन्या,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते वाचून उशाखाली ठेवलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. रुपालीला वाटलं मशीनचे सेल गेले.

चिमणीजवळ गवत नव्हतं. खड्डा होता.

दोन हजार तीन साल असेल. तपासणीवाले येणार अशी खबर मालकाला लागली. हौदांच्या तळाला वर्षानुवर्षांचा गाळ साठला होता. काळा, वर हिरवी-जांभळी साय. मालकाने आम्हा आठ जणींना बोलावलं. चिमणीमागे खड्डा पुरुषांनी आधीच खणून ठेवला होता. दिवसभर आम्ही घमेल्यांनी तो गाळ तिथे ओतला आणि वर माती लोटली. संध्याकाळी प्रत्येकीला एकेक नवा टॉवेल मिळाला आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी. आम्हाला आनंद झाला होता गं. हाताची कातडी महिनाभर सोलत होती, तरी आनंद झाला होता.

त्या आठ जणींतल्या दोघी वारल्या. बाकीच्या सहा जणी आज गटात आहेत. तानाबाई आहे, दानम्मा आहे. कुणीच कधी एक शब्द काढला नाही. ही जागा मिळायची ठरली तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि बास. मी मनाला सांगितलं, वीस वर्षांत गाळाची माती झाली असेल. तुझ्या पिशव्या भरताना आठ आणि नऊ नंबरला फावडं लावायचं धाडस झालं नाही, म्हणून सात नंबरच्याच जागेची माती तीन पिशव्यांत भरली. दोन्ही वेळा.

मी म्हटलं, हे बाहेर आलं तर जागा जाईल, आणि लोक म्हणतील, यांनीच पुरलं आणि यांनीच त्यावर भाजी लावली. ते खरंच आहे, म्हणून तर जास्त भीती.

पण तू जेवायला येते म्हटलंस आणि माझा हात आपोआप दुसऱ्या पातेल्याकडे गेला. मला कळलंही नाही. तू विचारलंस तेव्हा कळलं. रेश्माताईंचा नातू आहे अंगणवाडीत, मला 'लंभाआजी' म्हणतो. त्याला मी काय वाढणार होते, हे आठवलं की जेवण जात नाही.

काल चिमणीकडची सगळी गाजरं मी एकटीने उपटली. कुणी खाल्लेलं नाही, तुझ्या गळ्याची शपथ. काय करायचं त्यांचं ते सांग.

भोगीला ये. भाजी बाजारातली करीन, सगळ्यांना एकाच पातेल्यात.

आत्या


टेंभुर्णी,
२९ जानेवारी २०२५

ती. आत्यास नमस्कार.

भोगीला तू मला चिमणीपर्यंत हात धरून नेलंस आणि फावडं माझ्या आधी स्वतः मारलंस, ते मी विसरणार नाही. साप काही दिसले नाहीत.

गाजरं तू 'निदान माती झटकून' माझ्याबरोबर द्यायला निघाली होतीस, ते मी वेळेवर थांबवलं, म्हणून ठीक. त्यांची आणि खड्ड्याच्या मातीची तपासणी पुण्याहून होऊन आली. शिसं आणि क्रोमियम दोन्ही भरपूर. गाजरात पोरांना चालेल त्याच्या सहापट शिसं. आणि त्या वाफ्यात तुम्ही खत जास्त घातलं होतं, त्याचाही हातभार दिसतो.

अहवाल सोबत आहे. चिमणीकडची जागा बंद करायची, खोदायची नाही, कुंपण घालून वर चांगल्या मातीचा जाड थर द्यायचा, आणि संबंधित खात्याला कळवायचं. ते मी कळवलं आहे. बाकी जागेत वांगी, दोडका, शेवगा, भेंडी चालेल. जमिनीखाली वाढणारं काही नको. पालेभाजी गोण्यांमध्ये लावायची, आणि गोण्यांत माती मंगळवेढ्याच्या आपल्या रानातून आणायची. वडील म्हणाले, हवी तेवढी न्या. सध्याचा हरभरा न तपासलेल्या खतावर आलाय, तो मात्र काढून टाका, जीव तुटला तरी. थोडक्यात, विष काढता येत नाही, पण वाट मोडता येते.

आबासाहेबांना मी फोन केला होता. म्हणाले, एवढं लिहून आलंय तर मैदान करून पोरं तितं नाचवण्यात काय अर्थ. जागा गटाकडेच ठेवतो म्हणाले. अर्धी गेली आणि अर्धी राहिली असं समज.

पान चारवर मी लिहिलंय की गाळ 'अज्ञात व्यक्तींनी' पुरल्याचं दिसतं. सरांना विचारूनच तसं ठेवलं. त्याने तपासणीत काही फरक पडत नाही आणि तुला कुणी काही विचारणार नाही.

तुझी,
सुकन्या


कुंभारी,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सुकन्याला आशीर्वाद.

अहवाल मिळाला. काल गटाची बैठक घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचला. क्रोमियम म्हणताना दोनदा अडखळले, पण कुणी हसलं नाही. हरभरा काढायचा म्हटल्यावर मात्र दोघी तिघींनी डोळ्याला पदर लावला. गुडघ्याएवढा आला होता गं. आज सकाळी काढला.

मग पान चार आलं. 'अज्ञात व्यक्तींनी' हे वाचून मी जरा थांबले. खरं तर मला तिथे पटकन पुढे जायचं होतं. दानम्मा म्हणाली, "अज्ञात म्हंजे कोण वं?"

मी म्हटलं, ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही असा माणूस.

ती म्हणाली, "माझं नाव ठाऊक हाय की तुमाला."

 तानाबाई उठली, आत जाऊन पेन घेऊन आली, आणि माझ्यापुढे ठेवलं. गटात नव्या आलेल्या आठ जणींना तेव्हाच पहिल्यांदा सगळं कळलं. त्यातली एक रागावून निघून गेली. तिची मुलगी अंगणवाडीत आहे, तेव्हा तिचं बरोबर आहे. मी उद्या तिच्या घरी जाणार आहे. बाकीच्या बसून राहिल्या.

तेव्हा सुकन्या, तू आमच्या मायेपोटी लिहिलंस ते कळतं, पण ते खोडून टाक. मागे मी तुला चाळलेली माती पाठवली, आता तू मला चाळलेला अहवाल पाठवू नकोस. सोबत आठ नावं आहेत. सहा सह्या आणि अंगठे आमचे, आणि वारलेल्या दोघींची नावं त्यांच्या मुलींना विचारून घातली आहेत. मालकाचंही नाव लिहिलं आहे आणि ते सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरात. तो हयात आहे, पुण्याला असतो, त्यालाही कळू दे.

आमच्या आठ जणींत पहिलं नाव माझं ठेव. पहिलं घमेलं मीच ओतलं होतं.

तुझी,
रंभाआत्या